चार बोटांची फट

हसा लेको, हसून घ्या. क्लाइव्हला तुम्ही सगळे ओळखता. तो थापा मारणारा माणूस नव्हे.

गेल्या वर्षी, बारा जुलै, शुक्रवार. तो आणि त्याची धाकटी बहीण नोलीन व्हॅन घेऊन दक्षिणेला निघाले होते. नोलीनला एकदा तरी रानातला किवी पक्षी बघायचा होता. बालक्लूथा गावाच्या पुढे ते कुंपण घातलेलं रान आहे ना, तिथे संध्याकाळी साडेसहाला पोचले. जुलै म्हणजे आपल्याकडे ऐन हिवाळा, अंधार पडलेला. फाटकाला दोन दारं, मध्ये पिंजरा. उंदीर-मांजर आत शिरू नये म्हणून एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

आत जाताना क्लाइव्हला मागे पावलं वाजल्यासारखी वाटली. मागून येणाऱ्यासाठी दार धरायची आपल्याकडची खोड! दार धरून उभा राहिला. "या, या, सावकाश."

कोणी आलं नाही.

"कुणाला बोलावतोयस रे?" नोलीन हसली. "म्हातारचळ लागला का?"

लाल बॅटरीच्या उजेडात किवी आला, अगदी पायाशी. चोच टेकवून क्लाइव्हचा बूट हुंगला. मग नोलीनचा. मग तिच्या शेजारची मोकळी जमीन हुंगली... आणि जो पळत सुटला!

नोलीनला दमा. थंडीने धाप लागली. पंप व्हॅनमध्येच राहिलेला. दोघं घाईघाईने परत पिंजऱ्यात आले. क्लाइव्हने आतलं दार ओढलं.

लागेना. चार बोटांची फट राहिली.

बाहेरचं उघडेना. त्याने आतल्या दाराला जोर लावला. पलीकडूनही जोर लागला.

फोनला रेंज नाही. हाका मारल्या. कोणी नाही.

"क्लाइव्ह... श्वास..."

तो रडकुंडीला आला. नोलीनने त्याची बाही धरली.

"तू... बोलावलंस ना... मग तूच... त्याला बाहेर ने."

त्याने आतलं दार सताड उघडलं. "या..."

काही दिसलं नाही. काही वाजलं नाही. मग दार ओढलं. मुकाट लागलं.

बाहेरचं उघडलं. क्लाइव्ह व्हॅनकडे धावला, सरकतं दार उघडलं, पंप घेऊन परत आला. दोन-तीनदा ओढल्यावर नोलीनच्या ओठांवर रंग आला. क्लाइव्ह पोरासारखा रडला.

तिला पुढे बसवून त्याने व्हॅनचं सरकतं दार ओढलं.

चार बोटांची फट उरली.

तीन गॅरेजं झाली. दारात दोष नाही म्हणतात. क्लाइव्ह आता ती व्हॅन घरी ठेवत नाही, माझ्या अंगणात उभी आहे. जा, बघून या. फक्त परत येताना माझ्या घराचं दार कुणासाठी धरून ठेवू नका.