धनूच्या दाढेतला आवाज

बसा. घाई नसेल तर सांगतो.

मार्चमधली दुपार होती. धाकट्या भावाला, धनंजयला, स्कूटरवर मागे बसवून मी हुडको कॉलनीतल्या दातांच्या दवाखान्यात नेत होतो. त्याला पंचवीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. प्लांटच्या ऑफिसातून मी रिटायर झालो तेव्हापासून त्याचं सगळं मीच बघायचो. त्याच्या गोळीची वेळ कधी चुकवली नाही, याचा मला केवढा तोरा होता. दात घासायला मात्र त्याला एकदाही उभं केलं नाही.

दिवाळीत तो म्हणाला होता, "दादा, दाढेत कोणी बोलून राहिलं."

"काय म्हणते?"

"दुखते म्हणते..."

त्याला पुन्हा आवाज ऐकू येतात, एवढंच मी त्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळी वाढवली. धनू गप्प झाला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. होळीला गाल टम्म सुजला, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

दातांच्या डॉक्टर गीतांजलीबाईंनी हिरडीत सुई दिली, जबडा उघडा राहावा म्हणून रबराचा ठोकळा बसवला. असा कुजका वास आला की मी मागे सरलो. पंखा घरघरत होता. बाई वाकल्या, आणि त्यांचा हात थांबला.

"इनसे कहिए, बात न करें."

धनूची जीभ बधिर होती. ओठ हलत नव्हते. तो नुसता माझ्याकडे बघत होता.

मग मीही ऐकलं. बारीक, पण स्वच्छ... कॉलेजात होता तेव्हाचा धनूचा आवाज, गोळ्यांनी जड होण्याआधीचा.

"दादा... सांगून राहिलो होतो ना तुले... दुखते."

बाईंनी काही न विचारता दाढ ओढून काढली. आवाज थांबला. पण पू मानेत उतरला होता. चौथ्या दिवशी धनू गेला. माझ्या हातून मेला तो, दुसरं काय म्हणू?

माझे स्वतःचे सगळे दात केव्हाच पडलेत. ही कवळी आहे. तरी महिनाभर झाला, उजवीकडच्या रिकाम्या हिरडीतून धनू बोलतो. दुखते म्हणतो. काढायला आता दाढ कुठली आणू?

बायकोला सांगितलं. रमाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. हळूच म्हणाली, "मंगळवारी डॉक्टरकडे जाऊ. भाऊजीले देत होते, तेच तुमाले देतील."

कालपासून गोळी सुरू झाली. तोंड सुकतं, जीभ उचलत नाही. तो मात्र बोलतोच आहे. आज सकाळी विचारत होता, "दादा... तू काहून गप्प झाला?"