एकाहत्तरपासून निघालेली रेषा

धारच्या बसस्टँडवर सकाळी सव्वासातच्या अमझेरा बसमध्ये खिडकीची जागा मिळायला नशीब लागतं, आणि त्या दिवशी माझं नशीब जरा जास्तच जोरावर होतं. दसऱ्याचा दुसरा दिवस. मांडीवर पर्स, पर्समध्ये नियुक्तीपत्र, आणि मी दर पाच मिनिटांनी ते बाहेर काढून वाचत होते. चार वर्षं परीक्षा देऊन मिळालेली सरकारी शाळेतली गणिताची नोकरी... पत्राला पाय फुटले नाहीत ना, एवढंच बघत होते.

"आता तर पाठ झालं असेल," शेजारून आवाज आला. चक्क मराठीत!

मी वळून पाहिलं. निळ्या चौकड्यांचा शर्ट, मांडीवर आलेखाच्या कागदांचा गठ्ठा, आणि ओठ दाबून धरलेलं हसू.

"मला मराठी येतं हे कसं कळलं तुम्हाला?"

"मघाशी फोनवर 'हो बाबा, पोळी खाल्ली' म्हणालात ना. पोळी म्हणणारी घरं इथे बोटावर मोजण्याइतकी राहिलीत. धारच्या का तुम्ही?"

"देवासची. इथे कमलमावशीकडे राहणार आहे. अपूर्वा."

"मी अंकित जिनगर. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर आले, घोड्यांची खोगिरं शिवायला. आता बाबा स्कूटरच्या सीटा शिवतात. घोडे गेले, बसणारे राहिले!"

मी खळखळून हसले. अनोळखी माणसासमोर इतकं हसू नये असं आई म्हणते, पण आई देवासला होती.

"आणि तुम्ही काय शिवता?"

"मी पोरांना गणित शिकवतो. आठवीला." त्याने गठ्ठ्यावर थाप मारली. "समीकरणाचे आलेख चाललेत. पुस्तकातले नाही हं, गावातले. पोरं जे रोज बघतात ना, त्याचंच समीकरण, त्याचीच रेषा. मजा येते, मॅडम."

"अय्या, मीसुद्धा गणितच! आज पहिला दिवस. ही शाळा कुठल्या स्टॉपवर येते, सांगाल?" मी पत्र त्याच्या हातात दिलं.

एका पानाचं पत्र. ते वाचायला त्याला फार वेळ लागला. बाहेर सोयाबीन काढून झालेली काळी शेतं मागे पळत होती आणि तो त्याच एका ओळीवर अडकला होता...

"सांगतो ना," शेवटी तो म्हणाला. "मीच नेतो. मी तिथलाच आहे."

"म्हणजे आपण बरोबर शिकवणार!"

त्याने पत्र घडीवर घडी घालून परत दिलं. "आजचा दिवस तरी."

मला वाटलं, गंमत करतोय. मी पुन्हा हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

शाळेत गेल्यावर सगळं कळलं. तो अतिथी शिक्षक होता. आमच्याकडे जागा रिकामी असेल तोवर अशा शिक्षकाला बोलावतात; पक्का माणूस रुजू झाला की त्याच तारखेला त्याचं काम संपतं. म्हणजे मी हजेरीपटावर सही केली आणि अंकितची नोकरी गेली. आणि हा माणूस मला स्वतः वर्गात घेऊन गेला, "ये तुम्हारी नई मैडम," म्हणाला आणि सगळ्यांत आधी स्वतःच टाळ्या वाजवायला लागला!

हेडसरांनी मला पहिलं काम काय दिलं असेल? माझं अक्षर चांगलं, म्हणून अंकितच्या अनुभवाचा दाखला माझ्याकडूनच लिहून घेतला. 'या सत्रातील कार्यदिवस – ७१.' चोरी न करताच चोर झाल्यासारखं वाटलं मला.

"मला खरंच माहीत नव्हतं हो," दाखला देताना मी म्हणाले.

"अहो मॅडम, परीक्षा पास झालात, पाप नाही केलंत. टेन्शन नका घेऊ. फक्त एक... आलेखाचा धडा अर्धा राहिलाय. शनिवारी-शनिवारी येऊन पूर्ण करू?"

हेडसर म्हणाले, "फोकट में पढ़ाओगे तो कौन रोकेगा, भिया?"

पहिल्या आठवड्यात मी मोठ्या ऐटीत फळ्यावर दोन अक्ष काढले, समीकरण लिहिलं, बिंदू घेतले. पोरांनी सगळं सुबक उतरवून घेतलं. मग पहिल्या बाकावरच्या जयाने हात वर केला. "मैडम, ये एक्स रहता कहाँ है?"

मी फळ्यावरच्या समीकरणाकडे बोट दाखवलं. शनिवारी मी तो प्रश्न अंकितला सांगितला. त्याने वर्ग उठवला आणि थेट शाळेच्या हातपंपावर नेला. बादलीत आधीच दोन लिटर पाणी ठेवलं. "मॅडम दांडा हलवणार. दर पाच दांड्यांना जया पाणी मोजणार, बाकीचे कागदावर खूण करणार. दांडा म्हणजे एक्स. और देखो, रेखा शून्य से नहीं निकलेगी. बाल्टी में पहले से जो है, वहाँ से निकलेगी."

मी पदर खोचला आणि पंप मारायला लागले. पहिल्या चार खुणा कशा सरळ ओळीत! मग मात्र...

"मॅडम, रेषा वाकायला लागली," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"बादली गळत असेल."

"बादली नाही, मॅडम, तुम्ही दमलात. आलेख खोटं बोलत नाही."

पोरं खिदळली. मी चिडून आणखी जोर लावला, तसा त्याने पुढे होऊन दांडा धरला. माझा हात अजून तिथेच होता... एक क्षण, फार तर दोन. मग मी हात काढून घेतला आणि उगाच ओले नसलेले हात पदराला पुसत राहिले. पुढच्या खुणा पुन्हा तरतरीत वर गेल्या. त्या दिवशी पोरांना एक्स कुठे राहतो ते समजलं आणि मला काय झालंय ते समजलं.

मग मी सोमवारपासून शनिवारची वाट बघायला लागले. बसमध्ये तो माझ्यासाठी खिडकी धरून ठेवायचा. मधे दिवाळी आली, तर आलेखाचे कागद द्यायच्या निमित्ताने स्वारी कमलमावशीकडे हजर!

"कागद सुट्टीनंतर दिले असते तर चाललं नसतं?" चिवड्याची बशी पुढे करत मी विचारलं.

"चाललं असतं की."

"मग?"

"मला नसतं चाललं," तो बशीकडे बघत म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. मावशी आतून भांडी जरा जास्तच वाजवत होती.

नोव्हेंबरच्या मध्यातला शनिवार. सकाळपासून आभाळ भरलेलं, हवेत गारठा. अंकित आला. वर्गात शिरला आणि त्याने फळ्यावर नवा प्रश्न लिहिला. मी मागच्या बाकावर बसून वह्या तपासत होते.

"एक आदमी है," तो म्हणाला. "उसको इस साल दो सौ दिन काम करना है. इकहत्तर कर चुका है, फिर काम रुक गया. अब एक जनवरी से दूसरी जगह काम मिलेगा, महीने के चौबीस दिन. अप्रैल के आख़िर में साल ख़तम. लाइन खींचो और बताओ, दो सौ पूरे होंगे क्या?"

पोरांनी पट्ट्या काढल्या. एकाहत्तरवर बिंदू. दोनशेवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल... वर्गात पेन्सिली घासल्याचा आवाज तेवढा येत होता. अंकित हाताची घडी घालून खिडकीपाशी उभा होता.

जया सगळ्यांत आधी उठली. तिची रेषा लाल रेघेला तेहतीस दिवस कमी पडली होती, आणि आनंदाने ओरडलीच ती. "नी पोंचेगो, सर! एक सौ सड़सठ. तैंतीस रई जायगा!"

"रई जायगा! रई जायगा!" सगळा वर्ग एका सुरात.

"शाबास," तो म्हणाला. "बरोबर आहे." वर्गात हिंदीत बोलायचं हे तो विसरला होता.

"पर सर," जया म्हणाली, "उसने बीच में काम छोड़ा क्यों?"

"छोड़ा नहीं, बेटा. जगह भर गई."

एकाहत्तर. माझ्याच अक्षरातला आकडा होता तो! माझ्या हातातली वही खाली पडली.

सुट्टी झाल्यावर मी त्याला हातपंपापाशी गाठलं. "तो आदमी तुम्ही आहात."

त्याने नाकारलं नाही. तीन सत्रं, प्रत्येकी दोनशे दिवस भरले की पक्क्या भरतीत अतिथींसाठी राखीव जागा मिळते. त्याची दोन भरली होती, हे तिसरं. पुढच्या वर्षी भरतीचं वय उलटणार. डही गावच्या शाळेत जानेवारीत एक जागा रिकामी होणार होती, त्यावर त्याची भिस्त होती.

"मला स्वतःला मोजायची भीती वाटत होती," तो म्हणाला. "म्हणून पोरांना मोजायला लावलं. ती चुकत नाहीत. मीच शिकवलंय ना."

मी त्याच्या हातातला कागद ओढला आणि पंपाच्या ओट्यावरच पसरला. "मी सोमवारी राजीनामा देते. जागा रिकामी झाली की हेडसर तुम्हालाच बोलावणार. आजपासून एप्रिलअखेर साडेपाच महिने. चोवीस गुणिले साडेपाच, एकशे बत्तीस. अधिक एकाहत्तर... दोनशे तीन! अहो, पोचते रेषा!"

त्याने कागदावर वाकून पाहिलं. त्याचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मला चार वर्षांचा अभ्यास त्यावरून ओवाळून टाकावासा वाटला. मग त्याने हळूच कागदाची घडी केली.

"वेडेपणा करू नका, मॅडम. भैयासाहेबांना काय सांगाल?"

भैयासाहेब म्हणजे माझे बाबा; मावशीकडे त्याने हे नाव ऐकलं होतं. त्यांनी देवासच्या टेकडीवर देवीला साडी नेसवली होती आणि भेटेल त्याला माझ्या नोकरीचे पेढे दिले होते. "ते माझं मी बघेन," मी म्हणाले.

रविवारी दुपारी मी राजीनामा लिहिला. बाबांना फोन केला नाही. केला असता तर तो लिहून झालाच नसता. सोमवारी हेडसरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि खणातून दुसरा कागद काढून माझ्यासमोर सरकवला.

"कल सुबह घर आया था अंकित. लिखकर दे गया कि उसे अतिथि में अब कभी न बुलाया जाए. डही का भी मना कर दिया. आप जाओगी तो कोई और आएगा, मैडम. वो तो नहीं आएगा." आणि माझा कागद त्यांनी मलाच परत दिला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धारला आले. त्याच्या वडिलांच्या दुकानात स्कूटरच्या सीटांच्या ढिगाशेजारी त्याची बॅग भरलेली होती. पिथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअरची नोकरी, राहायची खोली तिथेच. माझ्याकडे एकदा बघून त्याचे बाबा चहा आणायला निघून गेले. बाहेर मावठ्याची बारीक झड लागली होती.

"मला विचारलंत का?" मी भांडायलाच आले होते. "माझं होतं, मी देत होते! माझा द्यायचा हक्क काढून घेणारे तुम्ही कोण?"

त्याने बॅगेची चेन ओढून बंद केली.

"कागदावर दोनशे तीन आले, तेव्हा मला केवढा आनंद झाला, बघितलात ना तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही दिलं असतंत तर मी घेतलं असतं, मॅडम. म्हणून रविवारीच गेलो. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर गेलोच नसतो."

"माझं प्रेम आहे तुमच्यावर," मी म्हणाले. इतक्या सरळ बोलेन असं मला वाटलं नव्हतं.

"माझंही आहे. त्या दिवशी बसमध्ये पत्र वाचलं ना, त्याच्या आधीपासून."

"मग... लग्न करू. तुम्ही कारखान्यात, मी शाळेत. जगात काय कमी जण असं राहतात?"

"आणि रोज संध्याकाळी तुम्ही घरी याल. हाताला खडू लागलेला असेल. मी विचारीन, आज काय शिकवलं? पहिलं वर्ष हसत विचारीन. मग कधीतरी... विचारणार नाही. मग तुमचा राग यायला लागेल. मला माझाच भरोसा नाही, अपूर्वा."

त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली होती.

"मी हात धुऊन येत जाईन," मी म्हणाले.

तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तसं त्याने बॅग उचलली. थांबा म्हणून मी किती वेळा म्हणाले, ते आठवत नाही. पिथमपूरची बस चौकात उभी होती. तो पावसातून डोकं खाली घालून गेला, आणि मी त्या दुकानात रडले... त्याचे बाबा तीन कप चहा घेऊन येईपर्यंत रडले.

मंगळवारी शाळेत गेले. तास तर घ्यायलाच हवा होता. हजेरी झाली आणि जया वही घेऊन माझ्याजवळ आली.

"मैडम, शनिवार वाला सवाल मैंने घर पे फिर से किया. वो आदमी है ना, उसे जनवरी तक रुकना ही नी था. अभी बुला लेते तो दो सौ तीन हो जाते. देखो." तिने वही उघडून दाखवली. एकाहत्तरपासून निघालेली रेषा लाल रेघेला छेदून वर गेली होती, पट्टीने काढलेली, अगदी सरळ. "तो किसी ने बुलाया क्यों नी उसको?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"बुलाया था, बेटा," मी म्हणाले. "वो आया नहीं."

आणि मी तिच्या उत्तरावर बरोबरची खूण केली.