देवळालीच्या गाडीचे प्लग

“परत काळा! आता काय तुला ओवाळू?”

काउंटरपलीकडचा माणूस हातातल्या स्पार्क प्लगशी भांडत होता. दातांतल्या दातांत... पण ज्योत्स्नाला ऐकू आलंच. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या बोचऱ्या डिसेंबरात तिला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

“ओवाळून नाही जायची काजळी. दाखवा इकडे.”

तो शेखर, देवळालीच्या शाळेतला मास्तर. त्याचे वडील एका पारशी डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी मरताना आपली जुनी विलायती दोन-सीटर या ड्रायव्हरच्या पोराला दिली. तरुणपणी डॉक्टर ती शर्यतीत पळवायचे. ते घालायचे तेच प्लग शेखरला हवे असत.

“मालक नाहीत?”

“येवल्याला गेलेत. मला सांगा ना.”

द्वारका चौकाजवळच्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘मालक येवल्याला गेलेत’ हे वाक्य दोन वर्षं रोज बोललं जात होतं. ज्योत्स्नाचा नवरा किशोर कसारा घाटात अपघातात गेला, तेव्हा सासऱ्यांनी, गोटीरामअण्णांनी तसं सांगायला सुरुवात केली. बाई एकटी आहे कळलं की गिऱ्हाइकं काउंटरवर रेंगाळतात म्हणून. शेजारचे दुकानदारही सांभाळून घेत. पण पुढंपुढं अण्णा घरी जेवतानासुद्धा म्हणू लागले, “किशोर आला की मांडण्या बदलून घेऊ.” ज्योत्स्ना पुढची भाकरी वाढायची. हे खोटं मोडलं तर म्हातारा मोडेल, ही तिची भीती.

शेखर येत राहिला. प्लग काळे होत राहिले.

“मास्तर, हा थंड प्लग आहे. गाडी पळवली की इंजिन तापतं, तेव्हा हा आपली उष्णता झटकन सोडून देतो. तुम्ही येता बैलगाडीच्या मागंमागं. हा तापतच नाही, मग काजळी जळायची कशी? गरम प्लग घ्या. आटे मात्र एवढेच लांब हवेत, नाहीतर आत पिस्टनवर आपटेल.”

“डॉक्टर थंडच वापरायचे.”

“डॉक्टर पळवायचे. तुम्ही तिला फिरायला नेता.”

“हळू आलं की...” तो चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, “इथं यायचा रस्ता जरा जास्त पुरतो.”

ज्योत्स्ना डबे शोधायच्या निमित्तानं पाठमोरी झाली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

“आता कोण बोलतंय? मास्तर की गाडी?”

“गाडीला एवढं धाडस कुठलं...”

जानेवारी सरता सरता तो एकदाचा म्हणाला, “द्या तुमचे गरम प्लग. डॉक्टर काही बघायला येणार नाहीत.” तिनं मापाची पत्ती घालून एकेकाच्या टोकातला गॅप बसवला, त्यानं प्लग लावले. गाडी सुरू झाली... न खोकता, न अडखळता, एका सुरात. समोरच्या टपरीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्योत्स्ना मात्र प्लगची रिकामी खोकी गोळा करू लागली. आता हा कशाला येईल?

त्यानं इंजिन बंद केलं. बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला.

“आता येत नाही मी,” तो म्हणाला. “खरं तर आधीच थांबायला हवं होतं. मालकांच्या माघारी रोज येऊन बसतो... बरं नाही ते. त्यांना नमस्कार सांगा.”

तिनं तोंड उघडलं. स्टुलावर अण्णा नट-बोल्ट निवडत बसले होते. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. “सांगते,” एवढंच ती म्हणाली.

शेखर गाडीत बसला. दार लागलं.

नट-बोल्टांचा डबा बाजूला सरकला. अण्णा उठले, पायरी उतरले आणि गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकून उभे राहिले.

“थांबा मास्तर. नमस्कार कुणाला सांगायचा?” ते म्हणाले. “माझा किशोर येवल्याला नाय गेला. किशोर वारला. त्याची वाट मी बघतो, माझा पोरगा व्हता तो. हिनं नको बघायला.”