पलंगाची कडी

माझ्या नवऱ्याने घराची बेल कधी वाजवली नाही. दोनदा टकटक, थोडं थांबून एकदा. मिक्सर चालू असला तरी मला ती ऐकू यायची.

मी जुन्या लाकडाचं सामान बनवते. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या वखारीतून आणायच्या, घासायच्या, रंगवायच्या. गिऱ्हाइकांना त्यावरच्या जुन्या बिजागऱ्या फार आवडतात. लेकीच्या पलंगासाठी मी एक दार निवडलं, तेव्हा त्याची पितळी कडी मुद्दाम ठेवून घेतली.

"ताई, कडी इथंच काढून ठेवा," वखारवाला म्हणाला. "कडी राहिली की ते दारच राहतं."

"पलंगातून काय चोर शिरणार आहेत?"

तो हसला नाही.

लेक सहा वर्षांची. एकटीने झोपायचं म्हटलं की भोकाड पसरायची. मी चार पायांवर चौकट केली, तिच्यात दार त्याच्याच जुन्या बिजागऱ्यांवर आडवं बसवलं, शोभेला कोयंडाही लावला आणि सगळ्यावर निळ्या रंगाचे तीन हात दिले. कडी कोयंड्यात रंगानेच चिकटून बसली. त्या रात्री लेक मुकाट झोपली. मला हायसं वाटलं, जरा अभिमानही.

आठवड्याने पाहिलं, तर ती पलंगाच्या अगदी काठावर अंग चोरून झोपत होती.

"मधे झोप की गं."

"मधे झोपलं तर त्यांना उघडता कसं येईल?"

"कुणाला?"

ती उशीचा अभ्रा चावत राहिली.

दुसऱ्या दिवशी कडीभोवतीचा रंग तडकलेला दिसला. लाकूड फुगतं, आकसतं. मी पुन्हा हात मारला. दोन दिवसांनी कडी कोयंड्यातून निघालेली होती. मी लेकीची नखं तपासली. त्यांत रंगाचा कणही नव्हता.

नवरा पालथा पडून पलंगाखाली बघून आला. "फरशी आहे आणि हिचा हरवलेला मोजा. तुम्ही मायलेकी राईचा पर्वत करता. रविवारी दुपारी मीच झोपतो त्यावर. बघू कोण येतंय!"

रविवारी मी बाजारातून आले. लेक बाहेरच्या खोलीत चित्र काढत बसली होती. आत पलंग रिकामा. गादी सरकलेली, कडी उघडी. पोरीला एकटी टाकून हा गेला चौकात, गप्पा छाटायला! माझं डोकंच फिरलं. नवऱ्याचा राग आणि त्या पलंगाची भीती, दोन्ही मी हातोडीने बाहेर काढलं. कडी-कोयंडा उखडला, दार चौकटीला स्क्रू मारून पक्कं केलं, फटी पुट्टीने बुजवल्या. ब्रश बुडवला तेव्हा कुठे जरा शांत वाटलं.

लेक दारात येऊन उभी राहिली.

"आई, बंद का केलंस?"

"आता कुणी येणार नाही, बाळा."

"पण बाबा आत गेलेत."

मी बाहेर धावले. त्याच्या चपला उंबऱ्याशी होत्या. दोन्ही.

मागे ओल्या रंगाखालून टकटक झाली. दोनदा. थोडं थांबून एकदा.

स्क्रू काढताना माझी नखं तुटली. दार उचललं.

फरशी होती. आणि मोजा.

त्याला दोन महिने झाले. लोक म्हणतात, अनवाणी निघून गेला, येईल. कडी मी पुन्हा बसवली आहे. ती कधीच अडकवत नाही. रोज दुपारी पलंग वाजतो, दोनदा, थोडं थांबून एकदा. रोज मी उघडते, वाकून त्याला हाक मारते. लेक शेजारी उभी राहून वाट बघते.

काल तीनदा सलग वाजलं.

मी हात पुढे केला. त्याआधीच लेकीने कडी लावून टाकली.