खोक्यांचा पलंग

यात माझ्या पदरचं काहीही नाही. हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त माझ्या आतेबहिणीसमोर हसू नका.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. रात्रबित्र नाही, चांगली भर दुपार. गल्लीच्या टोकाचं दुमजली घर.

या आतेबहिणीचं, म्हणजे ताईचं, काम घरं सजवायचं. राहण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी. ओकंबोकं घर बघून गिऱ्हाईक पाठ फिरवतं, म्हणून ती भाड्याचे सोफे, पडदे, प्लॅस्टिकची फळं आणून घर नांदतं करते. पलंग वाहून न्यायला जड. मग रिकामी खोकी रचायची, वर पातळ गादी, त्यावर झकास चादर. कोणाला पत्ता लागत नाही. बसायचं मात्र नाही, बसलात की सपाट.

हे घर एका साहेबांचं. विकून मोकळं व्हायची त्यांना भलती घाई.

मागे एक लहानशी खोली होती. साहेब म्हणाले, "ही माझ्या आईची. मागच्या वर्षी गेली. छान सजवा, लोकांना घरपण वाटलं पाहिजे."

ताईने जीव ओतून सजवली. पलंग, मऊ शाल, उशाशी चष्मा.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर चादर फरशीवर... नीट अंथरलेली.

तिने ती उचलून परत पलंगावर घातली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फरशीवर.

हात लावला... तर उबदार.

ती तडक बाहेर आली. कुंपणापलीकडे शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. साहेबांच्या आईचा पलंग खोलीत कुठे असायचा, ते ताईने त्यांना विचारलं.

"पलंग?" काकू म्हणाल्या. "अगं, म्हातारीला शेवटपर्यंत फरशीवर निजवलं त्याने. थंडीतसुद्धा. कण्हायची, ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. एक पलंग मागत होती बिचारी. हा म्हणायचा, आता थोड्या दिवसांसाठी कशाला?"

ताईचं डोकं सणकलं. पण काम अंगावर घेतलेलं, अर्ध्यात कसं टाकणार?

खोक्यांचं मालकाला आधी सांगून ठेवायचं, ही तिची पद्धत. या वेळी रागाच्या भरात ती बोललीच नाही. पडतोय तर पडू दे, असंही तिला वाटलं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको आणि बाईंची म्हातारी आई.

मागच्या खोलीत साहेबांना कंठ फुटला. "इथे राणीसारखी राहिली माझी आई. फुलासारखं जपलं तिला आम्ही."

कोणीतरी कण्हलं...

अगदी हळू.

बाईंनी वळून आईकडे पाहिलं. "मी नाही गं," आई म्हणाली.

साहेबांचा चेहरा उतरला. पण सौदा हातचा जाईल, म्हणून ते उसनं हसले. "बघा ना, किती ऐसपैस आहे," म्हणत पलंगावर धपकन बसले.

ताईने डोळे मिटून घेतले.

आवाज आला नाही.

पलंग मोडला नाही. रिकामी खोकी, वर तो धिप्पाड माणूस... आणि चादरीला साधी सुरकुती नाही.

साहेब उठायला गेले. उठता येईना.

"माझ्या मांड्या कोणीतरी धरल्यात," ते पुटपुटले. मग लहान मुलासारखे रडायला लागले. "सोड ना गं आई."

ताईने आणि त्या दांपत्याने मिळून त्यांना ओढून काढलं. त्याच क्षणी खोकी आपोआप चपटी झाली... आतून कोणीतरी निघून गेल्यासारखी.

पाहुण्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. साहेबांचे पाय गेले, ते कायमचेच. डॉक्टरांना कारण सापडलेलं नाही.

परवा ताईला त्यांच्या मुलाचा फोन आला. घर अजून विकलं गेलं नव्हतं, पुन्हा सजवून हवं होतं.

"आणि बाबा?" ताईने विचारलं.

"ते असतील की मागच्या खोलीत. मी त्यांना खालीच निजवतो. पलंगावरून पडले तर कोण बघणार? फक्त लोक बघायला येतील तेव्हा त्यांचा आवाज बाहेर येऊ नये, असं काही करता येईल का?"

मुलाच्या बोलण्यामागे कोणीतरी कण्हत होतं... ते साहेब असणार.

आणि कोणीतरी हसत होतं.

म्हाताऱ्या बाईचं हसू. अगदी समाधानाचं.

त्या घरात आता बाप-लेक सोडून कोणी राहत नाही.

ताईने काम घेतलं नाही. पण मुलाचे फोन थांबलेले नाहीत, आणि ते उचलायची तिची हिंमत होत नाही.