गाडीत बसणारी

"पर्स उलटी करा, वहिनी!" लॉजच्या त्या खोलीत सगळ्यांदेखत धाकटा दीर म्हणाला.

पलंगावर धाकट्यानं उघडलेली पेटी पडली होती. आत कापसाच्या घड्या, आणि प्रत्येक घडीत नाण्याच्या जागी एकेक लोखंडी वॉशर! हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात तसले. अप्पांनी जन्मभर जमवलेली जुनी नाणी, ज्यांच्यासाठी दरवर्षी हे कुटुंब गाडी काढून दूरच्या शहरातल्या संग्राहकांच्या प्रदर्शनाला जात असे, त्यातलं एकही पेटीत नव्हतं.

थोरली दाराशी खिळल्यासारखी उभी होती. थोरली सून म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत. दीर, जाऊ आणि तिचा स्वतःचा नवरा… तिन्ही नजरा तिच्यावरच! आणि नुकतेच अंघोळ करून बाहेर आलेले सासरे खांद्यावरचा पंचा तसाच ठेवून गप्प उभे होते.

आता ही पेटी म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. अप्पा एका नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर कारकून होते. गल्ल्यात एखादं वेगळं नाणं आलं की आपल्या खिशातलं चालू नाणं तिथे टाकायचं आणि ते घरी आणायचं, अशी त्यांची सुरुवात. पुढे त्याचा संग्रह झाला, संग्रहाचं नाव झालं, आणि नावापाठोपाठ भीती आली! प्रवासात 'नाणी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, 'औषधं' म्हणायचं. पेट्रोलपंपावर कुणी "कुठे निघालात?" विचारलं तर "लग्नाला" म्हणायचं, मग अंगावर कपडे कसेही असोत. गाडी उभी करायची ती डिकी भिंतीला टेकवून. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे पेटी आत असताना गाडी क्षणभरही रिकामी सोडायची नाही. कुणीतरी आत बसायचंच.

ते 'कुणीतरी' म्हणजे थोरली! लग्न होऊन आली त्या पहिल्याच प्रवासात अप्पा म्हणाले होते, "सूनबाई, तू बसतेस का जरा?" आणि ते 'जरा' पुढे संपलंच नाही. बाकीचे जेवायला गेले, समुद्र बघायला गेले, किल्ला चढून आले… ही मागच्या सीटवर डाव्या बाजूला, पायांशी पेटी, पेटीवर जुन्या चपलांचा ढीग, आणि काचा वर. जाऊबाईंनी एकदा परत येऊन समुद्राचं वर्णन केलं तेव्हा तिनं इतक्या आवडीनं ऐकलं, की जाऊबाईंनाच अवघडल्यासारखं झालं होतं. पण तिला त्याचा अभिमान होता हो! या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू अप्पा आपल्या भरवशावर सोडून जातात, दोन्ही मुलांच्या नाही, हे तिच्या मनाचं गुपित सुख होतं.

"ताई, कुणी आरोप नाही करत तुमच्यावर," जाऊ म्हणाली. "पण काल वाटेत आम्ही जेवायला गेलो तेव्हा गाडीत तुम्हीच होतात ना एकट्या?"

"मी नेहमीच एकटी असते." थोरलीचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"तेच तर म्हणतोय!" धाकटा उसळला. "मागच्या खेपेला पंपावर त्या माणसाशी काय बोलत होतात?"

"काच पुसू का, विचारत होता तो!"

"काच पुसायला इतका वेळ लागतो?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीच्या पडद्याशी चाळा करत उभा होता. इतक्या वर्षांचा संसार, याच्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसलेली ती… आता तरी हा गरजेल, धाकट्याची जीभ आवरेल!

"दाखव ना एकदा," तो पुटपुटला. "म्हणजे विषय संपेल."

विषय! तिच्या इभ्रतीचा विषय!

तिनं पर्स पलंगावर उपडी केली. कंगवा, डोकेदुखीच्या बामची डबी, रुमाल, घराची किल्ली, आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. गाडीत बसून खायचा. तो पाहताच जाऊनं नजर खाली वळवली, पण धाकट्याचं समाधान कसलं होतंय! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही उगीच नाही.

"पर्समध्ये ठेवायला चोर काय खुळा असतो? केव्हाच कुणाच्या तरी हवाली केली असतील!"

"अप्पा…" ती सासऱ्यांकडे वळली. "तुम्ही तरी बोला! तुम्हालाही तसंच वाटतं?"

 अप्पांची नजर तिच्याकडे नव्हतीच. ते एकटक धाकट्याच्या हातातल्या किल्लीकडे बघत होते. अशा वेळी हे कसली परीक्षा घेत आहेत, हे तिला कळेना. आणि मग तिच्याच मनात संशयाचं विष भिनू लागलं. धाकटा एवढा का ओरडतोय? जाऊ एवढी गोड का बोलतेय? हा नवरा… यानं तर नाही ना कुठे…? छे! ती स्वतःच्याच विचारानं शहारली. ज्या नजरेनं तिला जाळलं, तीच नजर तिच्या डोळ्यांत उतरली होती.

तिनं पदरानं डोळे कोरडे केले आणि सरळ उभी राहिली.

"पोलिसांना बोलवा. चोर म्हणून मी तुमच्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडणार नाही. जे व्हायचं ते आत्ता, इथे होऊ दे."

"पोलीस नकोत!" अप्पा पहिल्यांदाच बोलले. सगळे चमकले. म्हातारा उभ्या जागीच एकदम आणखी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. "खाली चला. गाडीपाशी."

लॉजच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती, अर्थातच डिकी भिंतीला टेकवून. अप्पांनी मागचं दार उघडलं, डाव्या बाजूच्या सीटची गादी दोन्ही हातांनी उचकटली. खालच्या पोकळीत चामड्याच्या पिशव्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. त्यांनी एक सोडली आणि तळहातावर ओतली.

नाणी! सगळीच्या सगळी!

थोरली ती नाणी आज प्रथमच बघत होती. प्रदर्शनात मांडणी चालू असताना अप्पा कुणाला जवळ फिरकू देत नसत, आणि तिला तर गाडीशीच थांबावं लागे. 'ही होती होय ती,' तिच्या मनात आलं. 'एवढीशी!'

"पेटीत कधीच नव्हती," अप्पा म्हणाले. "पहिल्या प्रवासापासून पेटीत वॉशरच आहेत. प्रदर्शनाच्या सकाळी पेटी घेऊन मी एकटाच 'टायरची हवा बघून येतो' म्हणत खाली यायचो ना, तेव्हा अदलाबदल करायचो. चोर आला तर त्यानं पेटी न्यावी आणि खरा माल राहावा, म्हणून." मग ते धाकट्याकडे वळले. "पेटीची एकच किल्ली आहे आणि ती माझ्या गळ्यात आहे. मी न्हाणीघरात असताना तुझ्या हातात दुसरी कुठून आली?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या व्यापाऱ्याला त्यानं प्रदर्शनाआधी परस्पर नाणी दाखवायचं कबूल केलं होतं, त्याचं नाव त्याच्या तोंडून एकेक अक्षर करत बाहेर पडलं. जाऊनं कपाळावर हात मारून घेतला.

पण थोरलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आपल्या उजव्या मनगटाकडे बघत होती. काही वर्षांपूर्वी एका वळणावरच्या थांब्यावर दोघांनी दार उघडून पेटी ओढली होती. तिनं ती सोडली नव्हती! पेटीसकट फरफटत गेली, हात मोडला, माणसं धावून आली म्हणून वाचली. हाड वाकडंच सांधलं, आजही त्या हातानं भरलेली कळशी उचलत नाही.

"अप्पा, त्या दिवशीही… वॉशरच होते?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली.

"म्हणजे मी मेले असते, तर वॉशरांसाठी मेले असते! आणि मघाशी वर… सगळं ठाऊक असून तुम्ही गप्प राहिलात! माझी पर्स उलटी होताना बघत राहिलात!"

"किल्लीमागे कोण आहे ते समजून घ्यायचं होतं…" अप्पा म्हणाले. "हॉस्पिटलात त्या दिवशी सांगणार होतो गं. तू शुद्धीवर येताच विचारलंस, 'औषधं नीट आहेत ना?' आणि माझी जीभ रेटली नाही! खरा माल मी तुझ्याच सीटखाली ठेवला, दुसऱ्या कुणाच्या नाही. भरवसा तुझ्यावरच होता, पोरी… पण तुला सांगण्याइतका नव्हता. चोराच्या भीतीनं मीच घरात चोर शोधत बसलो. मला क्षमा कर!"

आणि अंगणात, सगळ्यांदेखत, त्यांनी सुनेपुढे हात जोडले. तिनं ते झटकन धरून खाली केले. राग होता, डोंगराएवढा होता, पण ते जोडलेले हात बघवेनात तिला. दोघंही गाडीच्या उघड्या दाराला टेकून मोकळेपणी रडली. धाकट्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. नवरा जवळ आला, काहीतरी बोलू लागला. ती म्हणाली, "तुमचं घरी गेल्यावर बघू," आणि ते 'बघू' त्याला चांगलंच पुरणारं होतं.

परतीच्या वाटेवर जेवायला गाडी थांबली. सवयीप्रमाणे सगळे उतरले, सवयीप्रमाणे थोरली बसून राहिली. धाकटा ओशाळून म्हणाला, "वहिनी, मी बसतो. तुम्ही जा."

"कुणीच बसायचं नाही," अप्पा म्हणाले. "गाडीला कुलूप लावा आणि सगळे चला."

"आणि औषधं?" जाऊच्या तोंडून निघून गेलं.

"असतील नशिबात तर राहतील."

म्हणायला म्हणाले, पण टेबलाशी बसल्यावर त्यांचा घास घशाखाली उतरेना. पाणी पितानाही नजर खिडकीबाहेर, गाडीवर. कुणी गाडीजवळून गेलं की हातातला चमचा थबके. थोरलीनं थोडा वेळ बघितलं, मग उठली आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"अप्पा, तुम्ही माझ्या जागेवर बसा. खिडकीकडे पाठ करून. मी बसते इथे, मी बघते गाडीकडे."

ते मुकाट्यानं उठले आणि गाडीकडे पाठ करून बसले. गरम जेवण समोर आलं. एक घास गेला, दुसरा गेला. मग त्यांनी मागे वळून न बघता हळूच विचारलं, "सूनबाई, दिसते ना गं गाडी?"

"दिसते की," थोरली म्हणाली, आणि ताटातून मान वर न करता जेवत राहिली.