मालकाचा खिळा

फोटो नंतर दाखवा. आधी तो मोबाइल खाली ठेवा आणि दार लोटून घ्या, वारं येतंय. जुनी यॉट स्वस्तात मिळतेय म्हणून तुम्ही दोघं भाऊ हुरळून गेलाय, ते दिसतंय मला. मामा आडवा येतोय असं समजू नका. घ्या, खुशाल घ्या. पण स्वस्तात का मिळतेय एवढं विचारून घ्या. आमच्या गोदीत एकानं ते विचारलं नव्हतं. सुतार होता तो. माझ्या रंगाच्या शेडला लागून त्याची शेड. वीस वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही, तेव्हा ही उडत उडत ऐकलेली गोष्ट नाही.

तर नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार होता. सुतार संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात गेला, एक तांब्याचा खिळा आणायला. एकच. दुकानदार म्हणाला, एकेक खिळा विकायला मी काय वेडा आहे का, मूठभर तरी घे. सुतारानं हसत मूठभर घेतले, त्यातला सरळ, देखणा खिळा निवडला आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून पायीच गोदीवर आला. स्वारी खुशीत होती. धाकटा भाऊ मालक होणार होता ना.

बाप गेला तेव्हा धाकटा दुसरीत होता. सुतारानंच त्याला वाढवला. त्याला काही म्हणून करू दिलं नाही. मिसरूड फुटेपर्यंत त्याच्या बुटाच्या नाड्या हाच बांधायचा, आम्ही चिडवायचो. पुढे धाकटा इंजिनाचा मेकॅनिक झाला, हातात जादू होती पोराच्या. होतं नव्हतं ते घालून त्यानं एक जुनी यॉट घेतली, लोकांना समुद्रात फिरवून आणायला. काय बोट होती ती! सागवानी डेक, पितळी कठडे, आत महोगनीच्या केबिनी, अंघोळीला टबसुद्धा. तसलं काम आता कुणी करत नाही.

आता तिचे मालक ऐका.

पहिला होता एक कारखानदार. त्यानंच ती हौसेनं बांधून घेतली. एका रात्री त्याच्या भागीदारानं आकडी, म्हणजे बोट धक्क्याला ओढायचा तो लांब दांड्याचा हूक, त्याच्या गळ्यात खुपसली आणि कठड्यावरून खाली सोडला. भागीदार मालक झाला. त्याला त्याच्या पुतण्यानं नांगराच्या साखळीनं आवळला. मानेवर कड्यांचे ठसे उठले होते, एकेक मोजून घ्यावा असे. पुतण्या मालक झाला. त्याला जावयानं इंजिनाच्या खोलीत कोंडून डिझेल ओतलं. दाराला आतून नखांचे ओरखडे होते. त्यावर रंग मी मारलाय, या हातानं. मग जावई मालक. तो बोटीवर एकटाच असताना गेला. सुकाणूच्या चाकावर कपाळ आपटून आपटून फुटलेलं, आणि दार आतून बंद. पोलिसांनी चारही वेळा अपघात लिहिला. जावयाच्या बायकोनं बोट येईल त्या भावात काढून टाकली.

आमच्या गोदीची एक रीत आहे. पहिल्या फेरीआधी मालकानं चाकावरच्या तुळईत एक तांब्याचा खिळा ठोकायचा. आपल्या हातानं. आणि पुरता आत नाही, बोटभर बाहेर ठेवायचा. कारण बोट विकली की त्यानंच तो आपल्या हातानं उपसायचा असतो. मी जागा सोडली, असं बोटीला सांगायचं. नवा मालक मग आपला ठोकतो. कारागिरानं या खिळ्याला हात लावायचा नाही. भल्याभल्यांनी पाळलेली रीत आहे ही.

त्या तुळईत चार खिळे होते. चारही डोक्यापर्यंत आत ठोकलेले. एकही कुणी उपसला नव्हता, उपसायला जिवंत कोण होतं? सुतारानं तुळई घासताना चौघांवरून अंगठा फिरवला होता. त्याला दिसलं. पण भावाच्या सुखापुढे माणूस डोळ्यांवर कातडं ओढून घेतो.

रविवारी पहाटे भरती होती, तेव्हा बोट पाण्यात सोडायची. शनिवारी रात्री शेवटचा हात फिरवताना धाकट्याचा उजवा पंजा इंजिनाच्या पट्ट्यात सापडला. हाड वाचलं, पण मांस फाटलं. कंपाउंडरनं टाके घालून जाडजूड पट्टी बांधली. धाकटा डाव्या हातात हातोडी घेऊन तुळईशी झटापट करायला लागला. खिळा दोनदा निसटला. सुताराला ते बघवेना. आण इकडे, म्हणाला, दोन टोल्यांचं काम. धाकटा म्हणाला, दादा, मालकानंच ठोकायचा असतो. तर हा म्हणाला, तुझं माझं काय वेगळं आहे का?

दोन टोल्यांत खिळा बसला. बोटभर बाहेर. सुतारानं ठोकला.

पहाटे लवकर उठायचं म्हणून दोघं बोटीवरच झोपले. धाकटा खाली मालकाच्या केबिनीत, सुतार वर सुकाणूच्या खोलीत, चाकाखाली सतरंजी टाकून. पावणेदोनला त्याला जाग आली. खाली कुणीतरी ठोकत होतं. ठक... ठक... त्याला वाटलं, धाकट्याला झोप लागत नाही, काहीतरी खुडबूड चालली असेल. त्यानं हाक मारली. ठोकणं थांबलं. मग जिन्यावर पावलं वाजली. एकाची नव्हती ती...

दारात धाकटा उभा होता. फाटक्या हातात इंजिनाचा मोठा पाना. पट्टीतून रक्त ठिबकत होतं, टाके उसवले होते, पण मूठ अशी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती.

"जागा सोड," तो म्हणाला.

आवाज धाकट्याचा नव्हता. म्हाताऱ्याचा होता. घशात पाणी भरल्यासारखा.

"अरे, मी आहे. दादा."

पाना खाली आला. सुतार वळला म्हणून डोकं वाचलं, उजवा खांदा गेला. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसरा घाव काचेवर. तिसरा बरगड्यांवर. सुतार चाकाला धरून उठला तर धाकट्यानं त्याचं डोकं धरून चाकावर आपटलं. एकदा... दोनदा... त्याच चाकावर. काही दात पडले. खाली पडताना डाव्या हाताला त्याचं वाकस लागलं, लाकूड तासायचं, दाढी करावी अशी धार. त्यानं ते उचललं. धाकटा पुन्हा पाना उगारून वाकला होता, गळा उघडा, हातभर अंतरावर. एक घाव पुरे होता.

तेवढ्यात त्याला समोरची काच दिसली. फुटून निम्मीच उरली होती. धाकट्याच्या मागं चौघं उभे होते. एकाच्या गळ्याला भोक. एकाची मान मागं वळलेली. एक काळा, कातडी लोंबणारा. एकाला कपाळ नव्हतं. चौघं वाट बघत होते. कोण कुणाला मारतो, याचं त्यांना काहीच नव्हतं. कुणीतरी मरायला हवं होतं...

सुतारानं वाकस फुटक्या काचेतून बाहेर फेकलं.

मग तो चाकावर पाय देऊन चढला आणि डाव्या हातानं तुळईतला खिळा धरला. आपल्या हातानं उपसायचा असतो. पक्कड नाही, काही नाही. पाठीत पाना बसला. त्यानं सोडला नाही. पुन्हा बसला. खिळा हलेना. त्यानं तो खाली वर, खाली वर वाकवला. नखं उलटली. रक्तानं बोटं सटकायला लागली, तेव्हा त्यानं दातांत धरला, उरले होते त्या दातांत... आणि अंगाचा सगळा भार सोडून दिला.

खिळा निघाला.

"सोडली," सुतार म्हणाला. "जागा सोडली."

पाना जमिनीवर पडला. मग धाकटा पडला. मग सगळं गप्प.

सकाळी आम्ही दोघांना उचललं. धाकट्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. दादाला कुणी मारलं म्हणून तोच ऊर बडवत होता. सुतारानं त्याला खरं कधी सांगितलं नाही. पडलो, म्हणाला. मला सांगितलं, तेही हॉस्पिटलात, भिंतीकडे तोंड करून. खिळा त्याच्या मुठीत होता, मधोमध वाकलेला. तो त्यानं माझ्याकडे दिला आणि मी माझ्या हातानं भर समुद्रात टाकला. बोट फोडली. तुळई माझ्यासमोर जाळली. सुताराचा उजवा हात छातीच्या वर उचलेना झाला तो कायमचा; पेला तोंडाला लावायचा तरी डाव्यानं.

सहा वर्षं काही नाही. धाकट्यानं गावाबाहेर घर बांधलं, लग्न केलं, मुलगी झाली. दादानं एकदा तरी मुक्कामाला यावं म्हणून तो हट्ट धरायचा. सुतार टाळायचा. शेवटी मीच बोललो त्याला, भाऊ आहे तुझा, एक रात्र राहिलास तर काय बिघडेल? माझीच जीभ शिवशिवली. तो राहिला. ती रात्रही गेली. सगळे सुखरूप उठले.

सकाळी धाकट्याच्या बायकोनं विचारलं, रात्री कोण ठोकत होतं?

धाकटा झोपतो त्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या वरच्या लाकडात, तांब्याचा खिळा होता. बोटभर बाहेर. सुतार बघत राहिला, चहाही न घेता चपला घातल्या आणि निघाला. दोघं भाऊ त्यानंतर एका छपराखाली झोपलेले नाहीत. धाकटा अजून मला विचारतो, दादा माझ्यावर का रागावलाय?

त्यानं बोलावलं म्हणून तो खिळा मी स्वतः जाऊन बघितला. डोकं ओलं होतं. आणि मधोमध तोच बाक होता, दातांच्या खुणांसकट. वाकडा खिळा लाकडात जात नाही, कुठल्याही सुताराला विचारा. हा सागवानात गेला होता.